अम्ल निक्षेपण मापन : प्रादेशिक सहकार्य

सल्फर डाय-ऑक्साइड व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांपासून हवेत तयार होणारी अम्ले व त्यांची लवणे जमिनीवर, पाण्यावर व वनस्पतींवर येऊन पडणे, यास अम्ल निक्षेपण म्हणतात. पाऊस, धुके व दव यांबरोबर होणारे ते आर्द्र निक्षेपण आणि वायू वा सूक्ष्मकण कोरड्या स्थितीतच पृष्ठभागावर बसल्याने होणारे ते शुष्क निक्षेपण होय. ‘अम्ल पर्जन्य’ हे आर्द्र निक्षेपणाचे सर्वांत परिचित रूप. ही द्रव्ये वाऱ्याबरोबर उगमापासून शेकडो किलोमीटर वाहून जातात. म्हणून त्यांचे मापन एका शहरापुरते किंवा एका देशापुरते करून भागत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंस सारख्या पद्धतीने केलेल्या नोंदी एकत्र मांडल्या, तरच कोणाचे प्रदूषण कोठे पडते, हे कळते. अशा सामाईक मापनाचा आरंभ यूरोपात झाला. दक्षिण आशियात तो १९९८ च्या माले जाहीरनाम्याने औपचारिक रीत्या झाला.

संकल्पनेचा उदय : ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी मँचेस्टर परिसरातील हवा व पाऊस यांचे विश्लेषण १८५२ मध्ये प्रसिद्ध केले आणि १८७२ मधील आपल्या ग्रंथात ‘अम्ल पर्जन्य’ ही संज्ञा वापरली. त्या काळी हा प्रश्न कारखान्यांच्या शहरांपुरता मर्यादित समजला जाई. स्वान्ते ऊडेन या स्वीडिश मृदाशास्त्रज्ञांनी १९६७-६८ मध्ये पर्जन्यजलाच्या दीर्घकालीन नोंदींवरून असे प्रतिपादन केले की, स्कँडिनेव्हियातील सरोवरांना अम्लता आणणारे बरेचसे गंधक इतर देशांतून येते. १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी पर्यावरण परिषदेत स्वीडनने हा विषय मांडला. याच परिषदेस भारताच्या तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या आणि भारताचा १९८१ चा हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम आपल्या उद्देशिकेत याच परिषदेतील निर्णयांचा आधार घेतो.

यूरोपातील अनुभव : आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९७२ ते १९७७ या काळात अकरा यूरोपीय देशांत संयुक्त मापन केले. गंधकाची संयुगे देशांच्या सीमा ओलांडतात, हे त्यातून आकडेवारीने सिद्ध झाले. १९७७ मध्ये संपूर्ण यूरोपासाठी सामाईक मापन व मूल्यांकन कार्यक्रम सुरू झाला. दीर्घपल्ल्याच्या सीमापार हवा प्रदूषणासंबंधीच्या करारावर १३ नोव्हेंबर १९७९ रोजी जिनीव्हा येथे सह्या झाल्या व तो १९८३ मध्ये अंमलात आला. १९८४ च्या पूरक करारान्वये मापनकार्याच्या खर्चाची देशवार वाटणी ठरली. त्यानंतर १९८५ मध्ये हेलसिंकी येथे गंधकाचे उत्सर्जन १९८० च्या पातळीपेक्षा किमान ३० टक्क्यांनी घटविण्याचे बंधन स्वीकारण्यात आले. १९९४ च्या ऑस्लो करारात हे प्रमाण सरसकट न ठेवता, एखादी जमीन वा सरोवर हानीविना किती अम्लभार सोसू शकते, या मर्यादेच्या आधारे ठरविले गेले. हा क्रम लक्षणीय आहे : आधी सामाईक मापन, नंतर त्याच्या खर्चाची निश्चिती आणि शेवटी उत्सर्जनावर बंधन. शीतयुद्धातील दोन्ही गटांचे देश एकमेकांच्या नोंदींवर विश्वास ठेवू लागले, हे पुढील करारांचे अधिष्ठान ठरले.

भारतातील मापनाचा आरंभ : जागतिक हवामानवैज्ञानिक संघटनेच्या पार्श्वभूमी वायुप्रदूषण मापन योजनेत भारतीय हवामानशास्त्र विभागाने १९७४ पासून दहा स्थानके टप्प्याटप्प्याने उभारली. अलाहाबाद (आता प्रयागराज), कोडईकनाल, जोधपूर, नागपूर, पुणे, पोर्ट ब्लेअर, मिनिकॉय, मोहनबाडी, विशाखापटनम व श्रीनगर ही ती स्थानके होत. तेथे पर्जन्यजलाचे नमुने गोळा करून त्यांचे रासायनिक विश्लेषण केले जाते. १९८९ मध्ये ही योजना जागतिक वातावरण निरीक्षण कार्यक्रमात विलीन झाली. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत (स्थापना १९६२) एल्. टी. खेमाणी व त्यांचे सहकारी यांनी मेघजल व पर्जन्यजल यांच्या रसायनावर दीर्घकाळ संशोधन केले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९८४ मध्ये आग्रा व अनपारा येथील सात स्थानकांसह राष्ट्रीय वायुगुणवत्ता मापन सुरू केले. या दोन जाळ्यांचे हेतू भिन्न आहेत. पहिले पर्जन्यजलाचे रसायन पाहते. दुसरे मुख्यतः वस्ती व औद्योगिक क्षेत्रांतील हवेत वायू व कण किती आहेत, हे पाहते.

भारतीय पावसाचे वैशिष्ट्य : हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाशी समतोल साधलेल्या शुद्ध पाण्याचे पीएच मूल्य सु. ५.६ असते, पाऊस त्याहून कमी मूल्याचा असल्यास त्यास सामान्यतः अम्ल पर्जन्य म्हणतात. पीएच मूल्य एकाने घटले म्हणजे अम्लता दहापट वाढते. चेंबूर-तुर्भे यांसारख्या औद्योगिक पट्ट्यांचा अपवाद वगळता, भारतातील बहुतेक ठिकाणचा पाऊस पूर्वी अम्लधर्मी आढळत नसे. जोधपूरसारख्या ठिकाणी तर तो स्पष्टपणे क्षारधर्मी असे. याचे मुख्य कारण जमिनीवरून उडणारी धूळ होय. तिच्यातील कॅल्शियम कार्बोनेट, तसेच पशुधन व खते यांपासून हवेत जाणारा अमोनिया, पावसातील अम्लांचे उदासिनीकरण करतात.

यावरून भारताला अम्ल निक्षेपणाची भीती नाही, असा निष्कर्ष अनेकदा काढला गेला. तो अपुरा आहे. पीएच मूल्य ही अम्ल व क्षार यांच्या जमाखर्चातील केवळ शिल्लक होय. तीवरून एकूण उलाढाल कळत नाही. सल्फेट व नायट्रेट दुपटीने वाढले आणि धूळही त्याच प्रमाणात वाढली, तर पीएच मूल्य जवळजवळ स्थिर राहील. पण जमिनीवर व पिकांवर पडणारा भार मात्र दुप्पट झालेला असेल. उलट, रस्ते फरसबंद झाले आणि धुराड्यांतील राख स्थिरविद्युत् यंत्रणेने अडविली गेली, परंतु वायू तसेच सुटत राहिले, तर पाऊस अधिक अम्लधर्मी होईल. म्हणून पीएच मूल्याबरोबर सल्फेट, नायट्रेट, कॅल्शियम व अमोनियम यांची वार्षिक निक्षेपणाची परिमाणे नोंदणे आवश्यक ठरते. दहा स्थानकांच्या १९८७ ते २०२१ या काळातील नोंदींच्या अभ्यासात बहुतेक ठिकाणी पीएच मूल्य उतरत असल्याचे दिसून आले आहे.

माले जाहीरनामा : दक्षिण आशिया सहकारी पर्यावरण कार्यक्रम ही आंतरशासकीय संस्था १९८२ मध्ये स्थापन झाली, तिचे मुख्यालय कोलंबो येथे आहे. तिच्या नियामक परिषदेच्या मालदीवची राजधानी माले येथील बैठकीत, २२ एप्रिल १९९८ रोजी, हवा प्रदूषण व त्याचे संभाव्य सीमापार परिणाम यांच्या नियंत्रणाविषयीचा जाहीरनामा संमत झाला. बांगला देश, भारत, भूतान, मालदीव, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका व इराण हे आठ देश त्यात सहभागी झाले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे बँकॉक येथील केंद्र व स्टॉकहोम पर्यावरण संस्था यांनी तांत्रिक साह्य दिले आणि स्वीडिश शासनाने अर्थसाह्य पुरविले.

जाहीरनाम्यान्वये प्रत्येक देशाने शहरांपासून दूर, सीमापार वहन टिपता येईल असे स्थानक उभारावयाचे होते. भारताने पश्चिम बंगालमधील पोर्ट कॅनिंग, तर बांगला देशाने सातखीरा निवडले; ही दोन्ही ठिकाणे सुंदरबन परिसरात, आंतरराष्ट्रीय सीमेच्या दोन बाजूंस आहेत. मालदीवचे स्थानक हनीमाधू बेटावर, तर नेपाळचे चितवन जिल्ह्यातील रामपूर येथे उभारले गेले. केवळ पाऊस पडत असताना उघडणारे संकलक, विजेविना चालणारे वायुशोषक नमुनापात्र व कणसंकलक यांचा वापर ठरला. एकाच नमुन्याचे विश्लेषण निरनिराळ्या देशांच्या प्रयोगशाळांत करून निष्कर्ष पडताळण्याची पद्धतही अवलंबिली गेली.

हा जाहीरनामा विधिदृष्ट्या बंधनकारक नाही. मापनाचा खर्च सहभागी देशांत वाटून घेण्याची यूरोपसारखी स्थायी व्यवस्था त्यातून निर्माण झाली नाही. त्यामुळे बाह्य अर्थसाह्य आटल्यावर कार्याची गती मंदावली. पूर्व आशियात अम्ल निक्षेपण मापनाचे जाळे २००१ पासून नियमितपणे कार्यरत असून त्यात तेरा देश सहभागी आहेत. भारत त्याचा सदस्य नाही.

परभणी जिल्हा व मराठवाडा : देशांच्या सीमांविषयीचा हा प्रश्न जिल्ह्यांच्या सीमांनाही लागू पडतो. बीड जिल्ह्यातील परळी-वैजनाथ येथील कोळशावरील औष्णिक विद्युत् केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. जुने संच कालांतराने बंद झाले व २००७ नंतरच्या दहा वर्षांत २५० मेगावॉटचे तीन संच कार्यान्वित झाले. परभणी शहर परळीच्या ईशान्येस सु. ५० किमी. अंतरावर असून गंगाखेड तालुका त्याहून जवळ आहे. नैर्ऋत्य मॉन्सूनच्या काळात हा भाग केंद्राच्या वाताभिमुख बाजूच्या विरुद्ध दिशेस, म्हणजे धूर ज्या दिशेने वाहतो त्या दिशेस, येतो. केंद्राला लागणारे पाणी परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात गोदावरीवर असलेल्या खडका बंधाऱ्यातून घेतले जाते. पाणी एका जिल्ह्यातून जाते व धूर त्याच जिल्ह्याकडे परत येतो. पाण्याचा हिशेब ठेवला जातो. धुरातील गंधकाचा निक्षेपणाच्या रूपातील हिशेब ठेवण्याची तशी व्यवस्था नाही.

भारतीय कोळशात गंधक सामान्यतः अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तर राख ३५ ते ४५ टक्के असते. गंधकाचे प्रमाण कमी असले, तरी जाळल्या जाणाऱ्या कोळशाचे परिमाण मोठे असल्याने एकूण उत्सर्जन अल्प ठरत नाही. परभणी जिल्ह्याची काळी जमीन बेसाल्टपासून बनलेली, चुनखडीयुक्त व क्षारधर्मी आहे. अम्ल मुरविण्याची तिची क्षमता मोठी आहे. सोयाबीनसारख्या पिकांना गंधक लागते व त्याची उणीव खतांतून भरून काढावी लागते, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. यामुळे या जिल्ह्यात अम्लतेचा धोका थेट जमिनीला कमी आहे. तो मुख्यतः पानांवर बसणारे वायू व श्वसनाबरोबर शरीरात जाणारे सूक्ष्म सल्फेट कण यांचा आहे. परंतु हीच द्रव्ये अन्यत्र, चुन्याचा अंश धुऊन गेलेल्या कोकण व सह्याद्रीच्या जांभ्या जमिनीवर पडली, तर तेथील जमिनीची सोसण्याची मर्यादा बरीच कमी आहे. समान भार असमान जमिनींवर पडतो, म्हणूनच मापन प्रादेशिक असावे लागते.

परभणीहून पुणे व नागपूर ही पर्जन्यरसायनाची दोन्ही स्थानके ३०० किमी.हून अधिक दूर आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात मराठवाड्यातील औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), जालना व लातूर ही शहरे अंतर्भूत झाली. परभणीचा त्यात समावेश नव्हता. अलीकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे स्वयंचलित वायुमापन केंद्र परभणी शहरात आले आहे. मात्र ते वायू व कण मोजते; पर्जन्यजलाचे विश्लेषण हे त्याचे काम नव्हे. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठात (स्थापना १९७२) कृषिहवामानाच्या नोंदी आणि मृदाविश्लेषण या दोहोंची परंपरा आहे. पर्जन्यजलाच्या नियमित विश्लेषणाची जोड तिला मिळाल्यास ग्रामीण मराठवाड्यासाठी निक्षेपणाची नोंदमाला उभी राहू शकते.

मूल्यमापन : केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांच्या सल्फर डाय-ऑक्साइड उत्सर्जनास प्रथमच मर्यादा घातल्या. त्यांच्या पूर्ततेची मुदत वारंवार वाढविली गेली आणि जुलै २०२५ मध्ये दाट वस्तीच्या शहरांपासून दूर असलेल्या बहुसंख्य केंद्रांना धूरवायूतून गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसविण्यापासून सूट देण्यात आली. कोळशातील अल्प गंधक व सभोवतालच्या हवेत सल्फर डाय-ऑक्साइडाचे मर्यादेतील प्रमाण, ही त्यामागील प्रमुख कारणे होती. परंतु हा वायू प्रवासात सल्फेटात रूपांतरित होतो, त्यामुळे उगमाजवळच्या हवेतील त्याच्या प्रमाणावरून दूरच्या निक्षेपणाचा अंदाज येत नाही. शहरांपासूनचे अंतर हा सवलतीचा निकष ठरल्याने, ज्या ग्रामीण जिल्ह्यांत मापन विरळ आहे, तेथेच या निर्णयाचे परिणाम पाहावे लागतील. यूरोपात बंधने आली, ती सीमेपलीकडे काय पडते हे मोजले गेल्यानंतर. दक्षिण आशियात त्या क्रमाची पहिली पायरी माले येथे स्वीकारली गेली. राष्ट्रीय सीमेवरील थोड्या स्थानकांबरोबरच देशांतर्गत ग्रामीण भागांतही मापन विस्तारणे, ही त्या पायरीची पूर्तता होय.