पाळी न येणे : कारणे आणि तपासणी

नालासोपारा, विरार आणि वसई पूर्वेच्या वस्त्यांत काम करताना पाळीचे प्रश्न आमच्यापर्यंत बहुतेक वेळा उशिराच पोहोचतात. मुलीला पाळी आली नाही ही गोष्ट घरात दडवली जाते. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून ती बाहेर येते, तेव्हा सगळा दोष तिच्या माथी मारला जातो. काही घरांत डॉक्टरच्या आधी अंगारे-धुपारे होतात. पाळी न येणे हे शरीराने दाखवलेले लक्षण आहे आणि त्याचे कारण तपासणीतून शोधता येते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

१५ वर्षे पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही, किंवा १३ व्या वर्षापर्यंत स्तनांची वाढच सुरू झाली नाही, तर मुलीला दाखवावे. नियमित पाळी असलेल्या स्त्रीची पाळी सलग ३ महिने, आणि अनियमित असलेल्या स्त्रीची ६ महिने आली नाही, तर तपासणी हवी. गरोदरपणात, बाळ अंगावर पीत असताना आणि रजोनिवृत्तीनंतर पाळी न येणे नैसर्गिक आहे.

पहिली पाळीच न येण्याची कारणे

- टर्नर सिंड्रोम : एक एक्स गुणसूत्र नसते किंवा अपुरे असते. उंची कमी राहते, बीजांडे काम करत नाहीत.
- जन्मतः गर्भाशय नसणे : शरीराची बाकी वाढ नेहमीसारखी असते.
- योनिमार्ग पडद्याने बंद असणे : दर महिन्याला पोट दुखते, पण रक्त बाहेर येत नाही. लहान शस्त्रक्रियेने हे बरे होते.
- कुपोषण किंवा दीर्घ आजार.

येणारी पाळी थांबण्याची कारणे

पीसीओएस, थायरॉइड, प्रोलॅक्टिन हार्मोन वाढणे, वजन फार घटणे, सततचा ताण आणि ४० वर्षांआधी बीजांडे थकणे ही प्रमुख कारणे. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही पाळी थांबते, पण ती औषधे मनाने बंद करू नयेत. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या 'अंतरा' गर्भनिरोधक इंजेक्शनने पाळी थांबू शकते. त्यात घाबरण्यासारखे नसते.

दोन कारणे हमखास विसरली जातात. गर्भाशयाच्या क्षयरोगात खोकला नसतो, पण आतले अस्तर खराब होते. तसेच क्युरेटिंगनंतर गर्भाशय आतून चिकटू शकते. बाळंतपणात खूप रक्त गेले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

तपासणीचा क्रम

१. आधी लघवीची गर्भधारणा चाचणी. पाळी चुकली की विवाहित-अविवाहित न पाहता ती करावी.
२. उंची, वजन, चेहऱ्यावरचे केस, स्तनातून येणारा स्राव, चालू औषधे यांची नोंद.
३. रक्तात टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच.
४. पोटाची सोनोग्राफी.
५. गरजेनुसार गुणसूत्र तपासणी, मेंदूचा एमआरआय किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणे.

काय टाळावे?

मेडिकलमधून 'पाळी आणण्याची गोळी' परस्पर घेऊ नये. रक्तस्राव होतो, पण मूळ कारण झाकले जाते. इस्ट्रोजेन कमी राहिले तर हाडे ठिसूळ होतात. पीसीओएसमध्ये वर्षानुवर्षे पाळी न आल्यास गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

'पिशवी काढून टाका, कटकट संपेल' हा सल्लाही लगेच मानू नये. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील १३ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. शस्त्रक्रियेआधी कारण विचारणे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा आपला हक्क आहे.

कुठे जावे?

आशाताईंकडे गर्भधारणा चाचणीचे 'निश्चय' किट असते. वसईचे सर डी. एम. पेटिट आणि नालासोपाऱ्याचे तुळिंज ही महापालिकेची रुग्णालये आहेत. किशोरवयीन मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक चालते. क्षयरोगाचे उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत. जाताना शेवटच्या पाळीची तारीख, जुने रिपोर्ट आणि औषधांची पाकिटे बरोबर न्यावीत. आई-वडिलांना आम्ही एवढेच सांगतो : मुलीच्या लग्नाची वाट न पाहता पंधराव्या वर्षीच तिला डॉक्टरांना दाखवा.