महाराजांची बंदूक की डुकरांची?

इअरफोन नीट लावा. आजचा एपिसोड आमच्या घरातला आहे, शिवाजी पेठेतला.

गेल्या वर्षी आजोबा वारले. मागे राहिली त्यांची दुनळी बंदूक, बारा बोअरची. परवाना त्यांच्या नावावर होता. ते गेल्यावर ती घरात ठेवणं म्हणजे गुन्हा. म्हणून तिसऱ्या दिवशीच काकांनी ती परवानाधारक दुकानात जमा करून पावती घेतली.

आता घरातली गोष्ट अशी की, ही बंदूक शाहू महाराजांनी शिकारीत खूश होऊन पणजोबांना दिली. लहानपणापासून हेच ऐकत आलोय. ओळखीच्या एकानं ते ऐकून काकांना असा आकडा सांगितला की वाड्याचं गळकं छप्पर दोनदा झालं असतं. काका म्हणाले, "पॉलिश पेपर मारून चकाचक करू, मग दाखवू."

मी म्हटलं, "काका, थांबा. आधी बघू तरी."

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे नियम आहे, कोडला हात लावायच्या आधी लॉग वाचायचा. बंदुकीलाही लॉग असतो मंडळी, फक्त तो नळीच्या पोटावर कोरलेला असतो.

दुकानात मालकांनी आधी ती रिकामी आहे का ते दोनदा तपासलं. मग नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या. मी मोबाईलनं जवळून फोटो काढले. खाली बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे शिक्के होते. हे प्रूफ हाऊस 1813 च्या कायद्यानं सुरू झालं. तिथं जास्त दारू भरून नळी उडवून बघतात. टिकली तरच शिक्का. आमच्या नळीवर चौकटच्या पत्त्यासारखा एक शिक्का, आत 12 आणि खाली सी. ही खूण साधारण 1887 ते 1925 या काळातली. आणि बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी जेवढी जाड तेवढी नळी, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर.

शाहू महाराज गादीवर होते 1894 ते 1922. काका खुशीत म्हणाले, "बघ, जुळलं की!"

इथंच आपण सगळे फसतो. काळ जुळला म्हणजे गोष्ट शक्य आहे एवढंच कळतं, ती खरी ठरत नाही. त्या वर्षांत बनलेल्या असंख्य बंदुका काही महाराजांच्या नव्हत्या.

मग मालकांनी तब्येत सांगितली. नळीवर नागमोडी नक्षी होती. म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून जोडलेली नळी. अशा नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजचं काडतूस त्यात घालणं म्हणजे जिवाशी खेळ. नळी दोरीला टांगून लाकडानं हलकं टोकलं, तर घंटेसारखा आवाज आला. दोन नळ्यांचा जोड पक्का असल्याची ती खूण. जोड सुटला असेल तर आवाज बद्द येतो. आतून मात्र गंजाचे खड्डे. दस्त्याला चापामागे बारीक चीर. आणि पॉलिश पेपर? मालक हसले. "तेवढं केलंत तर नक्षी जाईल, शिक्के पुसट होतील, मग उरेल ते भंगार."

राहिला कायदा. 1959 च्या शस्त्र कायद्यात जुन्या बंदुकीला सूट आहे, पण ती दुरुस्त करूनसुद्धा चालण्यासारखी नसेल तरच. आमची चालू शकते, म्हणजे परवाना हवाच. घेणाराही परवान्याचाच पाहिजे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. गिऱ्हाईकच कमी, मग भाव कुठून येणार? भाव आला असता तो महाराजांच्या नावाला. आणि नावाला कागद लागतो.

कागद सापडला आजीच्या ट्रंकेत. परवान्याचं पिवळं पडलेलं पुस्तक, साल 1953. बंदुकीचा नंबर तोच. कारण: पीक संरक्षण. आणि शेरा: जुनी, खरेदी.

मी आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "महाराजांची कुठली रं? मामंजींनी दोन म्हशी विकून आणली. राधानगरीकडच्या रानात डुकरं ऊस ठेवत न्हवती. तुझ्या आज्यानं पावण्यांपुढं एकदा फेकली, मग सगळ्यांनी तीच धरली."

काका गप्प. आकडा सांगणाऱ्यानं नंतर फोनच उचलला नाही.

खरं सांगू? मलाही वाईट वाटलं. पण विचार करा. 1878 च्या शस्त्र कायद्यानं ब्रिटिश मुलखात हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बंद केली, आणि युरोपियनांना सूट दिली. राजेरजवाड्यांच्या शिकारीच्या बंदुका आजही आपण न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये काचेमागं बघतो. आणि 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाल्यावर चारच वर्षांत एक साधा शेतकरी कचेरीत जातो, स्वतःच्या नावावर परवाना काढतो आणि म्हशी विकून विलायती बंदूक घेतो, ती पण ऊस वाचवायला. हा इतिहास कुठल्या काचेमागं आहे?

छप्पर आम्ही हप्त्यानं केलं. काकांनी वारस म्हणून परवान्याचा अर्ज दिलाय. तोवर बंदूक दुकानातच, पेपर न मारलेली. पुस्तकाची प्रत्येक पानं मी स्कॅन केली.

तुमच्या घरी अशी वस्तू असेल तर घासू नका. कागद शोधा, नंबर जुळवा. आणि आजी आहे तोवर मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून तिला विचारा. आम्ही तिला तीस वर्षं विचारलंच नव्हतं.

भेटूया पुढच्या एपिसोडला.