सामानाची यादी आणि माणसांच्या पाठी

मोटारीमागे ट्रेलर जोडावा, त्यात तंबू, शिधा, पाणी भरावे आणि कोणाचाही आधार न घेता आडवाटेला लागावे, ही कल्पना आज रूढ आहे. तिची कठोर परीक्षा १९३१ सालीच झाली होती.

त्या वर्षी ४ एप्रिलला झॉर्झ-मारी हार्ट यांच्या नेतृत्वाखाली सित्रोएन कंपनीच्या मोहिमेची पामीर तुकडी बैरुतहून बीजिंगकडे निघाली. गाड्यांना पुढे चाके आणि मागे आदोल्फ केग्रेस यांनी योजलेले रबरी पट्टे होते. स्वयंपाक, बिनतारी संदेश, औषधोपचार, चित्रीकरण अशी कामे गाड्यांत वाटलेली होती. जणू एक गावच चालू लागले होते.

श्रीनगरनंतर हिमालय आडवा आला. तेथून दोनच गाड्या गिलगिटकडे निघाल्या. दरडींनी वाट खचली होती, तेथे त्या सुट्या करून हमालांनी वाहून नेल्या. गिलगिटला मोटारी सोडून मंडळी घोड्यांवरून पुढे गेली आणि चीनमधून आलेल्या दुसऱ्या तुकडीच्या गाड्यांसह १२ फेब्रुवारी १९३२ रोजी बीजिंगला पोहोचली.

त्या दोन गाड्यांची नावे होती ‘सोनेरी भुंगा’ आणि ‘चंदेरी चंद्रकोर’. ती आपण लक्षात ठेवतो. ज्यांच्या पाठीवरून त्या पुढे सरकल्या त्यांची आठवण ‘हमाल’ या एका शब्दात आटोपते. प्रवासवर्णन शिकवताना सामानाच्या यादीवरून आपण घाईने पुढे जातो. तिथे थांबून विचारायला हवे : हे ओझे अखेर कोणी उचलले?