पहिल्या ओळीची शिक्षा

आज अशा एका लेखकाबद्दल बोलूया, ज्याची अख्खी कारकीर्द एका ओळीखाली दबून गेली.

एडवर्ड बुल्वर-लिटन. १८३० साली त्याची 'पॉल क्लिफर्ड' ही कादंबरी आली. सुरुवात लंडनमधल्या अंधाऱ्या, वादळी रात्रीने. पाऊस, वारा, विझू विझू झालेले दिवे, सगळं एकाच पन्नासेक शब्दांच्या वाक्यात कोंबलेलं. शिवाय गोष्ट लंडनमध्ये घडतेय हे मध्येच कंसात सांगितलंय! इंग्रजीत हे वाक्य म्हणजे वाईट लेखनाचा नमुनाच झाला. 'पीनट्स'मधला स्नूपी टाइपरायटर घेऊन बसला की याच शब्दांनी सुरू करतो. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक स्कॉट राइस यांनी बुल्वर-लिटनच्या नावाने स्पर्धाच काढली: जगातल्या सर्वांत वाईट कादंबरीचं पहिलं वाक्य लिहून पाठवा. तसं पाहिलं तर ती गाजलेली सुरुवात वॉशिंग्टन अर्विंगने १८०९ मध्येच वापरली होती, पण बिल फाटलं बुल्वरच्या नावावर.

आता पुढची पानं उलटूया, कारण हसणारे सहसा तिथपर्यंत जात नाहीत. पॉल हा अनाथ म्हणून वाढलेला पोरगा. न केलेल्या पाकीटमारीसाठी त्याला तुरुंगात टाकतात आणि खरी चोरी तो तिथे शिकतो. पुढे वाटमारी करतो, पकडला जातो. त्याला फाशी सुनावणारा न्यायाधीश त्याचाच बाप निघतो. हो, एकदम फिल्मी आहे! पण मुद्दा फिल्मी नाही. किरकोळ चोरीलासुद्धा फाशी देऊ शकणारे कायदे त्या काळात इंग्लंडमध्ये होते, आणि कायदाच गुन्हेगार घडवतो असं ही कादंबरी उघड म्हणत होती. लोकांनी ती भरपूर वाचली.

मला विचाराल तर वाक्य लांबलंय खरं. पण तेव्हा कादंबऱ्या तीन-तीन खंडांत निघायच्या, वाचक त्या भाड्याच्या वाचनालयातून आणून निवांत वाचायचे. पहिल्या ओळीचं काम होतं घरात दिवा लावून वाचकाला बसवणं. दुकानात उभ्याउभ्या त्याला पटकन पकडणं ही नंतरची गरज. फंक्शनचं नाव आवडलं नाही म्हणून आतला कोड न बघता रिजेक्ट करणारे रिव्ह्यूअर आमच्याकडेही असतात, असो.

आणि शेवट कसा करावा हे याला नक्की कळत होतं. डिकन्सने 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट बदलला तो याच माणसाच्या सांगण्यावरून. लेखणीला तलवारीहून बलवान ठरवणारं ते प्रसिद्ध इंग्रजी वाक्यसुद्धा याचंच, १८३९ च्या 'रिशेल्यू' नाटकातलं.

इथे आपला संबंध येतो. त्याचा मुलगा रॉबर्ट म्हणजे आपला व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. स्वतः कवी! दख्खनच्या भीषण दुष्काळात दिल्ली दरबार भरवणारा तोच, आणि १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा आणणाराही तोच. मराठी, बंगाली अशा देशी भाषांतल्या छापखानावाल्याकडून मॅजिस्ट्रेटने जामीन मागायचा, मजकूर खटकला तर यंत्रसामग्री जप्त, आणि कोर्टात अपील नाही. इंग्रजी पत्रांना मात्र हा कायदा लागूच नव्हता. कलकत्त्याची 'अमृत बझार पत्रिका' तेव्हा रातोरात इंग्रजी झाली.

पुढे लॉर्ड रिपनने हा कायदा रद्द केला. बाप मात्र त्या वादळी रात्रीसाठी अजून शिक्षा भोगतोय.