पडला तर, पडला असता तर

आमच्या माणदेशात जर-तर शिकवायला मास्तर लागत नाही. मृग निघाला की पारावर तेच बोलणं. ‘पडला तर पेरू, न्हाय तर बसू.’ पण हेच इंग्रजीत आणायचं म्हटलं की पोरांची दातखीळ बसायची.

तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून झालं ते 2000 साली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला थोरल्याकडून धाकट्याकडे पानं गळत यायची.

आठवीत सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘पाऊस पडला तर पीक येईल.’ निम्म्या वर्गाचं उत्तर, ‘इफ इट रेन्ड, द क्रॉप विल कम.’ सरांनी ‘रेन्ड’वर काट मारली. मागच्या बाकावरचा एक गडी उठला, ‘सर, पडला म्हंजी पास्टच की!’

त्याचं काय चुकलं? मराठीत पाऊस अजून पडायचा असला तरी आपण ‘पडला तर’च म्हणतो. इंग्रजाला तिथं साधा वर्तमानकाळ लागतो, ‘इफ इट रेन्स’. ‘विल’ फक्त ‘तर’च्या पुढं, ‘इफ’ला चिकटवलं की पुन्हा काट. आणि ‘इफ इट रेन्ड’ म्हटलं, की बोलणाऱ्याला पावसाची फारशी आशा नाही असं होतं. मग पुढं ‘वुड’. आपल्याकडं आशा असो नसो, शब्द एकच. मला तर ही सोय वाटते. माणसानं आशा सोडली की नाही, ते क्रियापदानं कशाला चहाडी करून सांगावं?

तिसरा प्रकार आला तो 1972 च्या दुष्काळात. होऊन गेलेल्या गोष्टीचा. सरांनी पावसाचं वाक्य टाळून आगगाडीचं दिलं, लवकर निघालो असतो तर गाडी मिळाली असती. ‘इफ’पाशी ‘हॅड’, पुढं ‘वुड हॅव’. आमच्यातल्या निम्म्यांनी आगगाडी बघितलेली नव्हती. घरी अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी, आईबाप खडी फोडायला. पोरांनी सरांना न विचारता वहीत लिहिलं, ‘इफ इट हॅड रेन्ड, द क्रॉप वुड हॅव कम.’ एकाचंही चुकलं नाही. ‘पडला असता तर आलं असतं’ हे सगळ्यांना पाठच होतं.

मागच्या बाकावरचा तो गडी त्या तासाला नव्हता. दिवाळीनंतर तोही खडीवर गेला होता. हजेरीतलं त्याचं नाव सर खोडत नव्हते.

‘आला तर असू दे,’ म्हणायचे.