अंग बाहेर येणे : शस्त्रक्रियेविना उपचारांचे पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

व्हाइटफील्ड (बेंगळुरू) : चाळिशी-पन्नाशीच्या उंबरठ्यावर अनेक स्त्रियांना ओटीपोटात जडपणा जाणवू लागतो, स्नान करताना योनिमुखाशी मऊ गोळा हाताला लागतो आणि दिवस मावळतीला झुकला की काहीतरी खाली ओढल्यासारखे वाटते. मराठीत ‘अंग बाहेर येणे’ किंवा ‘मायांग बाहेर येणे’ असे ज्याला म्हटले जाते, ती ही अवस्था. ती लपवून ठेवणे किंवा ‘पिशवी काढून टाकणे’ या दोनच वाटा असल्याचा समज रूढ आहे. प्रत्यक्षात या दोहोंच्या मधे स्नायूंचा व्यायाम, पेसरी आणि दैनंदिन सवयींतील बदल असे पर्याय आहेत. बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत कोणता पर्याय स्वीकारायचा हे ठरवण्यासाठी पुरेसा वेळही असतो.

नेमके काय घडते?

मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे अवयव ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या आणि अस्थिबंधांच्या आधारावर टिकून असतात. हा आधार सैल झाला की अवयव योनीच्या दिशेने सरकतात. समोरची भिंत सैल झाल्यास मूत्राशय, मागची भिंत सैल झाल्यास गुदाशय आणि वरचा आधार सुटल्यास गर्भाशय खाली येते. एकाच स्त्रीत हे तिन्ही प्रकार कमीअधिक प्रमाणात आढळू शकतात. गर्भाशय काढलेले असले, तरी योनीचा वरचा भाग खाली येऊ शकतो. त्यामुळे केवळ गर्भाशय काढणे हा या विकारावरील पूर्ण उपचार ठरत नाही; सैल झालेल्या आधाराची दुरुस्ती वेगळी करावी लागते.

ही अवस्था दुर्मीळ नाही. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या, गर्भाशय असलेल्या १६,६१६ स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ३४.३ टक्के स्त्रियांत मूत्राशय, १८.६ टक्के स्त्रियांत गुदाशय आणि १४.२ टक्के स्त्रियांत गर्भाशय काही प्रमाणात खाली सरकलेले आढळले. तपासणीत आढळणे आणि त्रास होणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कारणे आणि रोजचा भार

योनिमार्गे झालेले बाळंतपण हे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. बाळंतपणांची संख्या, बाळाचे वजन आणि चिमट्याचा वापर यांनी धोका वाढतो. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन घटल्याने ऊती पातळ आणि कोरड्या होतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणात झालेली इजा अनेकदा या वयात जाणवू लागते. आनुवंशिकता, स्थूलता, जुनाट खोकला, दीर्घकालीन बद्धकोष्ठता आणि सतत जड वजन उचलणे ही अन्य कारणे होत. यांपैकी शेवटची चार आटोक्यात आणता येतात.

व्हाइटफील्डसारख्या उपनगरात हा भार रोजच्या जगण्यात मिसळलेला असतो. अनेक घरांत पिण्याचे पाणी वीस लिटरच्या कॅनमधून येते आणि भरलेल्या कॅनचे वजन वीस किलोहून अधिक भरते. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या, तेव्हा शहराच्या पूर्वेकडील या पट्ट्यात टँकर आणि कॅन यांवरील भिस्त आणखी वाढली होती. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतील बैठे काम आणि लांबचा प्रवास यांमुळे पाणी कमी पिणे, शौचाची भावना दाबून ठेवणे आणि पुढे कुंथणे हेही घडते. दुसरीकडे, याच वसाहतींत घरकाम करणाऱ्या आणि बांधकामावर घमेली वाहणाऱ्या स्त्रियांना वजन टाळण्याचा सल्ला पाळणे सोपे नसते. त्यांच्यासाठी वजन विभागून उचलणे, ते शरीराजवळ धरणे, गुडघ्यांत वाकणे आणि उचलताना श्वास न रोखता सोडणे हा अधिक व्यवहार्य मार्ग आहे.

श्रेणीपेक्षा त्रास महत्त्वाचा

१९९६ मध्ये निश्चित झालेल्या मोजमाप पद्धतीनुसार या अवस्थेच्या शून्य ते चार अशा श्रेणी केल्या जातात. पहिल्या श्रेणीत अवयवाचा सर्वांत खालचा भाग योनिमुखापासून एक सेंटिमीटरहून अधिक आत असतो. दुसऱ्या श्रेणीत तो योनिमुखाच्या आतबाहेर एक सेंटिमीटरच्या टप्प्यात येतो, तिसऱ्या श्रेणीत त्याहून बाहेर असतो, तर चौथ्या श्रेणीत योनी जवळजवळ पूर्ण उलटी होऊन बाहेर आलेली असते. फुगवटा योनिमुखापर्यंत पोहोचेपर्यंत बहुतेक स्त्रियांना तो जाणवत नाही.

त्रास नसेल, तर उपचारही आवश्यक नसतात. ही अवस्था दरवर्षी वाढतच जाते असेही नाही. काही स्त्रियांत ती अनेक वर्षे स्थिर राहते आणि सौम्य श्रेणीत काहींमध्ये मागेही सरते. उपचार ठरवताना म्हणूनच चालणे, बसणे, लघवी, शौच, शरीरसंबंध आणि कामकाज यांत किती अडथळा येतो, हा प्रश्न आधी विचारला जातो.

स्नायूंचा व्यायाम

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या व दुसऱ्या श्रेणीच्या त्रासदायक अवस्थेत किमान १६ आठवडे प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामाचा प्रथम विचार करावा, असे म्हटले आहे. ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील ४४७ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. वैयक्तिक प्रशिक्षण मिळालेल्या स्त्रियांचा त्रास वर्षभरानंतर इतरांपेक्षा कमी असल्याचे त्यात दिसून आले.

व्यायामाची पद्धत पुढीलप्रमाणे आहे. वायू आणि लघवी एकाच वेळी रोखत आहोत अशा रीतीने स्नायू आत व वर ओढावेत, सहा ते दहा सेकंद धरावेत आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. पोट, मांड्या व नितंब आवळू नयेत आणि श्वास रोखू नये. खोकला किंवा शिंक येण्यापूर्वी, तसेच वजन उचलण्यापूर्वी स्नायू आवळण्याची सवय लावावी. लघवी करताना मधेच धार थांबवण्याचा सराव करू नये.

अनेक स्त्रिया नकळत वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात आणि त्यामुळे लाभाऐवजी हानी होण्याचा संभव असतो. एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आकुंचन योग्य होत असल्याची खात्री करून घेणे त्यासाठीच गरजेचे आहे. योगाभ्यासातील मूलबंध याच स्नायूंशी संबंधित आहे. परंतु कपालभातीसारख्या, पोटाला झटके देणाऱ्या क्रिया तज्ज्ञांना विचारूनच कराव्यात. व्यायामाचा परिणाम दिसण्यास तीन ते चार महिने लागतात आणि पूर्णपणे बाहेर आलेले अंग केवळ व्यायामाने मागे जात नाही.

पेसरी

अवयवांना आतून आधार देण्यासाठी योनीत बसवल्या जाणाऱ्या साधनाला पेसरी म्हणतात. ही कल्पना फार जुनी असून प्राचीन ग्रीक वैद्यकात त्यासाठी अर्धे डाळिंब वापरल्याचे उल्लेख आहेत. आजच्या पेसरी प्रामुख्याने सिलिकॉनच्या असतात. कड्याच्या आकाराची रिंग पेसरी सर्वाधिक वापरली जाते. ती बहुतेक स्त्रिया स्वतः काढू व बसवू शकतात आणि ती असताना शरीरसंबंधही ठेवता येतात. अवस्था तीव्र असल्यास गेलहॉर्न किंवा घनाकृती पेसरी वापरतात. घनाकृती पेसरी रोज रात्री काढावी लागते.

योग्य माप एकदोन प्रयत्नांनंतर सापडते. बसवल्यावर रुग्णालयातच चालून, उकिडवे बसून, खोकून आणि लघवी करून पाहावे. पेसरी जाणवत असेल किंवा निसटत असेल, तर माप बदलावे लागते. स्राव वाढणे, दुर्गंधी, व्रण आणि रक्तस्राव हे संभाव्य दुष्परिणाम होत. कोरडेपणा असल्यास योनीत लावण्याचे इस्ट्रोजेन मलम दिले जाते. स्तनाच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास असल्यास तो डॉक्टरांना आधी सांगावा. पेसरी बसवून विसरून जाणे घातक ठरू शकते. जी स्त्री ती स्वतः काढत नाही, तिने साधारण दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी. स्वतः काळजी घेण्याचे प्रशिक्षण मिळालेल्या स्त्रियांचे जीवनमान नियमित रुग्णालयात येणाऱ्यांइतकेच राहते आणि गुंतागुंती कमी होतात, असे ३४० स्त्रियांवरील ब्रिटिश चाचणीत २०२३ मध्ये आढळले.

मर्यादा कोणत्या?

नेदरलँड्समधील ४४० स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर पेसरी गटातील ७६.३ टक्के, तर शस्त्रक्रिया गटातील ८१.५ टक्के स्त्रियांनी सुधारणा नोंदवली. मात्र पेसरी गटातील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४.१ टक्के स्त्रियांनी या काळात शस्त्रक्रिया स्वीकारली. पेसरी शस्त्रक्रियेच्या तोडीची असल्याचे या चाचणीतून सिद्ध झाले नाही. तथापि सुरुवात पेसरीने केल्यास पुढची वाट बंद होत नाही, हेही त्यातून स्पष्ट होते.

शस्त्रक्रियाही कायमची हमी देत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा शस्त्रक्रियांपैकी २९.२ टक्के या पुन्हा केलेल्या होत्या. योनिमार्गे बसवण्यात येणाऱ्या जाळीची या विकारासाठीची विक्री अमेरिकी औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये थांबवली. शस्त्रक्रिया आवश्यक ठरली, तरी प्रत्येक वेळी गर्भाशय काढावेच लागते असे नाही. गोव्यातील शिरोडे येथे जन्मलेले आणि मुंबईत कार्य केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशय राखून त्याला आधार देणारी शस्त्रक्रिया विसाव्या शतकातच विकसित केली होती.

मौन आणि घाई

डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगविषयक विकार होता. मात्र त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हे झाले मौनाचे चित्र. तीन दशकांनी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेथील कारणे अनेक होती; परंतु त्रास सांगायला आलेल्या स्त्रीपुढे किती पर्याय ठेवले जातात, हा प्रश्न त्या निमित्ताने ऐरणीवर आला.

तपासणीला जाताना

व्हाइटफील्डमध्ये वैदेही वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तर शहराच्या मध्यभागी वाणी विलास हे स्त्रिया व बालकांसाठीचे सरकारी रुग्णालय आहे. कन्नडमध्ये गर्भाशयाला ‘गर्भकोश’ म्हणतात. परप्रांतात राहणाऱ्या मराठी स्त्रीला एवढा शब्दही उपयोगी पडू शकतो. ‘माझी श्रेणी कोणती, कोणता अवयव सरकला आहे, पेसरी बसू शकेल का, व्यायाम कोण शिकवेल आणि थांबल्यास काय धोका आहे,’ हे पाच प्रश्न लिहून न्यावेत.

लघवी अडणे, बाहेर आलेला भाग आत न जाणे, त्यावर व्रण पडणे, वारंवार मूत्रसंसर्ग होणे आणि रजोनिवृत्तीनंतर कोणत्याही प्रमाणात रक्तस्राव होणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता त्वरित तपासणी करून घ्यावी. एरवी हा विकार जीवघेणा नाही. निर्णयासाठी वेळ असतो आणि तो निर्णय पूर्ण माहितीनिशी घेण्याचा अधिकार त्या स्त्रीचा आहे.