पाटीवरची सरस्वती

मे महिन्यात गावी गेलो होतो, मालवणला. संध्याकाळी धक्क्यावर शाळेतला एक जुना मित्र भेटला. ख्रिस्ती आहे, हल्ली मुंबईत बँकेत असतो. गप्पा अर्थातच आमच्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेवर आल्या. मी म्हटलं, "तू पाटीवर सरस्वती काय मस्त काढायचास रे!"

(ज्यांचा दसरा इंग्रजी शाळेत गेला त्यांच्यासाठी: एकाचे आकडे जोडून पाटीवर सरस्वती काढायची, हळदकुंकू-फूल वाहायचं आणि हात जोडायचे.)

तो हसला. म्हणाला, "काढूक मजा येय. पण हात जोडूची वेळ इली की मी गुरुजींच्या तोंडाकडे बघी. ते मान हलवीत, जोड म्हणान. मी जोडी. मगे घराकडे जाऊन आवशीक काय सांगू, ह्याच डोक्यात."

तसे आमचे गुरुजी देवमाणूस. ह्याच मित्राला त्यांनी स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी घरी बसवून फुकट शिकवलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण मी त्याच्या शेजारी बसून चार वर्षं काढली आणि मला हे कधी दिसलंच नाही! पुण्याला आलो तरी ते डोक्यातून जाईना. मग दोन-तीन वीकेंड वाचत बसलो. आणि गंमत बघा, पहिला धागा सापडला तो आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाचा.

देवगड तालुक्यातलं पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. १८३२ साली 'दर्पण' काढणारे म्हणून ते आपल्याला माहीत असतात, पण ते मुळात शिक्षक. मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिकवायचे. १८४३ मध्ये मुंबईत एक प्रकरण पेटलं. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय साधारण बारा, तोही नेस्बिट या मिशनरी शिक्षकाच्या घरी राहायला गेला. वडील कोर्टात गेले. मुलगा अज्ञान आहे म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं.

पण घरी आल्यावर खरी पंचाईत! ख्रिस्त्यांकडे राहिला-जेवला, आता हा बाटला, असं सनातनी मंडळी म्हणू लागली. जांभेकरांनी पुढाकार घेऊन त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यायचा प्रयत्न केला आणि त्यासाठी स्वतःच्याच लोकांचा रोष ओढवून घेतला.

त्या वेळी आपल्या लोकांची तक्रार नेमकी काय होती? मिशनरी वाईट शिकवतात, ही नव्हती. इंग्रजी, गणित ते उत्तमच शिकवायचे, म्हणून तर मुलं तिथे जायची. तक्रार ही होती, की मुलगा लहान आहे, शिक्षकावर त्याची श्रद्धा आहे, आणि अशा मुलाचं 'हो' हे खरं 'हो' नसतं.

ही भीती सरकारलाही कळत होती. १८५४ च्या वुडच्या खलित्यात म्हटलं आहे, की सरकारी शाळांतलं शिक्षण धर्मनिरपेक्ष असावं. बायबल ग्रंथालयात असायला हरकत नाही. विद्यार्थ्याने आपणहून विचारलं तर शिक्षकाने सांगावं, पण शाळेच्या वेळेबाहेर. मिशनऱ्यांना हे अर्थातच फारसं रुचलं नाही.

मग थेट डिसेंबर १९४८, घटना समिती. आजच्या अनुच्छेद २८ वर चर्चा चालली होती. आंबेडकरांनी जी कारणं दिली त्यातलं एक साधं हिशोबाचं होतं: कर सगळे भरतात, त्या पैशातून एकाच धर्माचं शिक्षण कसं देणार? शेवटी ठरलं ते असं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते असेल, उपासना असेल, तर संमतीशिवाय कुणालाही त्यात ओढायचं नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकांची.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर इथे डीफॉल्ट सेटिंग 'नाही' आहे. ज्याला हवं त्याने 'हो'वर टिक करायची. प्रत्यक्षात आपल्या शाळांत डीफॉल्ट 'हो' असतं, आणि ज्याला नको त्याने सगळ्या वर्गासमोर उभं राहून तसं सांगायचं. चौथीतलं पोर काय सांगणार?

मोठ्या माणसाला तरी ते कुठे सोपं असतं! नाशिकच्या सावित्रीबाई फुले माध्यमिक विद्यालयात संजय साळवे १९९६ पासून शिक्षक. २००७ पासून ते प्रार्थनेच्या वेळी हात जोडेनात. उभे राहायचे, गोंधळ काही नाही. शाळेने याला बेशिस्त ठरवलं आणि त्यांची वरची वेतनश्रेणी अडली. नोव्हेंबर २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. अभय ओक आणि न्या. रेवती मोहिते-डेरे) सांगितलं, की हात जोडायची सक्ती म्हणजे मूलभूत हक्कांचा भंग. सहा वर्षं गेली, तीही हातात नोकरी असलेल्या सज्ञान माणसाची.

याचा अर्थ शाळेतून धर्म हा शब्दच हद्दपार करा, असा नाही. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, की धर्मांविषयी शिकवणं वेगळं आणि एका धर्माचं आचरण शिकवणं वेगळं. सरस्वती म्हणजे काय, हे मित्राने शिकायला काहीच हरकत नव्हती. चित्र तर तोच सगळ्यांत चांगलं काढायचा.

१८४३ मध्ये समोर मिशनरी होता म्हणून आपल्याला लहान मुलाच्या 'हो'ची किंमत लगेच कळली. आमच्या वर्गात समोर आमचेच गुरुजी होते, तेव्हा मात्र माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

धक्क्यावरून उठताना मी मित्राला विचारलं होतं, "गुरुजींनी मग काय करायला हवं होतं रे?"

"काय नाय," तो म्हणाला. "इचारल्यानी असता तर बरा झाला असता. हात कदाचित जोडले पण असते."